शिंदी-खजुराच्या संकर झाडाचा पराग: कसा काढावा, कसा टिकवावा?

बालाघाट | २१ जानेवारी

नमस्कार मंडळी. आठ वर्षं जिची वाट पाहिली ती गोष्ट या आठवड्यात घडली, म्हणून धागा काढतोय.

आमचं शेत अंबाजोगाईजवळ, डोंगराच्या उताराला. बांधावर खजुराचं एक झाड आहे. शेजारच्या घरून रमजानमध्ये आलेल्या खजुराच्या बिया आईनं तिथं खोचल्या होत्या. त्यातलं हे एकच जगलं आणि मादी निघालं. खजुराचा नर आमच्या पंचक्रोशीत एकही नाही, तरी झाडाला दरसाल फळ धरतं आणि बीही भरतं. खालच्या ओढ्याला शिंदीची, म्हणजे रानखजुराची, रांग आहे, त्यातल्या नरांचा पराग माघात वाऱ्यावर सुटतो, तोच वर येतो.

पण फळ हाती लागत नाही. पिवळं होऊन मऊ पडायला लागलं की मृगाचा पाऊस गाठतो आणि घोसच्या घोस झाडावरच आंबतो. आई दरवर्षी पाटीभर सडकी फळं गुरांपुढं टाकते आणि काही बोलत नाही, ते मला फार लागतं.

त्या फळांतल्या तीन बिया मी आठ वर्षांपूर्वी लावल्या. एका रोपाला यंदा पोय (म्यानात मिटलेला फुलोरा) आली, आणि ते नर निघालं. पानं खजुरासारखी राखी, पण पाती शिंदीसारखी झुबक्या-झुबक्यानं, दोन-तीन दिशांना तोंड करून. बुडाला एक फुटवाही आहे. शिंदीला फुटवा येत नाही, म्हणजे आई-झाडाकडून काहीतरी आलंय. हा संकरच आहे, याबद्दल मला शंका नाही.

आता याचा पराग घेऊन खजुराच्या मादीवर टाकायचा आहे. पावसाच्या आत पिकणारं, गर असलेलं फळ आपल्या भागात व्हावं, एवढाच हेतू. काल सकाळी पहिली पोय फुटली. मी विळ्यानं छाटली, आणि हातात येईपर्यंतच निम्मं पीठ वाऱ्यावर उडून गेलं. अजून पाच पोया मिटलेल्या आहेत. मादीच्या पोया यायला तीन आठवडे तरी लागतील. तोवर हा पराग कसा टिकवू?

मांजराकाठ | २१ जानेवारी

लई मोठं काम करायलात भाऊ. मी पण गेल्या साली औशाकडच्या एका खजुराचा पराग आणला होता. प्लास्टिकच्या डबीत घट्ट झाकण लावून ठेवला आणि आठ दिवसांनी उघडून बघितलं तर हिरवी बुरशी. वास असा की डबीसकट फेकावा लागला. ओलाच भरला होता मी. तुम्ही तसं करू नका. वाचतोय.

पुंकेसर | २१ जानेवारी

बालाघाट, मनापासून अभिनंदन. मी परभणीत वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. खजूर-शिंदीच्या प्रजातीतल्या (फिनिक्स) सगळ्या जातींत नर-मादी झाडं वेगळी असतात आणि या जाती आपसात सहज संकरतात. खजूर आणि शिंदी दोघांचीही गुणसूत्रं ३६. संकर झाड बहुधा वांझ नसतं, त्यामुळं तुमच्या नराचा पराग चालेल असं मी धरून चालते. तरी तपासूनच वापरायचा. ते खाली सांगते.

आधी पोय. फुटल्यावर कापली तर उशीर होतो, हे तुम्ही अनुभवलंच. मिटलेल्या पोयीवर रोज दुपारी हात ठेवा. म्यानाचा हिरवा रंग जाऊन ते तपकिरी व्हायला लागतं. त्यानंतर मधोमध दोन बोटांनी दाबलं की आत करकर असा बारीक आवाज येतो. तो आला की पराग तयार. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, म्यानाला चीर पडायच्या बेतात, देठापासून कापा. आवाजाच्या आधी कापलीत तर परागकोष कच्चे राहतात आणि सुकवले तरी फुटत नाहीत.

घरात पंखा बंद असलेली खोली घ्या. म्यान सोलून लोंब्या दोरीवर उलट्या टांगा, खाली कोरा पांढरा कागद पसरा. ऊन लागू देऊ नका. दोन दिवसांत फुलं कागदावर गळतील आणि त्यांच्याबरोबर फिकट पिवळं पीठ. कणीक भिजवताना येतो तसा काहीसा वास येईल. लोंब्या हलकेच झटका, मलमलीतून गाळा, आणखी एक दिवस कागदावर पसरून ठेवा. बोटांच्या चिमटीत धरल्यावर गोळा झाला तर अजून ओल आहे. कोरड्या रव्यासारखा सुटला पाहिजे. हे करताना नाकातोंडाला कापड बांधा. या परागानं अनेकांना शिंका आणि दम्याचा त्रास होतो.

मग छोट्या काचेच्या कुप्या. एक मोठी नको, सहा-सात छोट्या घ्या, म्हणजे एकेक कुपी एकदाच उघडली जाईल. प्रत्येकीत सिलिका जेलची पुडी टाका. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. कुपीवर झाड, पोयीचा क्रमांक आणि तारीख लिहा. तीच चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून आतही टाका, कारण फ्रीजमध्ये वरची शाई पुसते. तीन आठवड्यांसाठी फ्रीजचा खालचा कप्पा पुरे. पुढच्या हंगामापर्यंत ठेवायचा असेल तर डीप फ्रीझर. बाहेर काढलेली कुपी लगेच उघडू नका. बाहेरच्या हवेतली वाफ गार काचेवर जशी दवासारखी जमते तशीच ती आत परागावर जमते. खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण काढा.

दुधना | २२ जानेवारी

मॅडम, विजेचं काय? आमच्या गावात सहा-सहा तास लाईट नसते.

पुंकेसर | २२ जानेवारी

थर्माकोलची पेटी. बर्फ करून घेतलेल्या दोन बाटल्या, मध्ये कुप्या, आणि पेटी फ्रीजमध्येच ठेवा. गार राहणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ते एकसारखं गार राहणं. गोठणं-वितळणं वारंवार झालं की पराग मरतो.

कयाधू | २२ जानेवारी

एक कळकळीची विनंती. पोय कापायच्या आधी खालच्या पानांच्या देठाचे काटे काढून टाका आणि चामड्याचे हातमोजे घाला. तीन वर्षांपूर्वी शिंदीचा काटा माझ्या उजव्या मधल्या बोटाच्या पेरात गेला. काढला, हळद लावली, विसरलो. पंधरा दिवसांनी पेर सुपारीएवढं सुजलं, बोट वाकेना. पहिल्या दवाखान्यात संधिवात म्हणून महिनाभर गोळ्या दिल्या. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून काट्याचं टोक शोधलं आणि बारीक शस्त्रक्रिया करून काढलं. एक्स-रेमध्ये हा काटा दिसत नाही. बोट आजही पूर्ण मिटत नाही. काटा लागला आणि सांधा दुखायला लागला तर डॉक्टरांना झाडाचं नाव आवर्जून सांगा.

दुसरं असं की जिथं कापाल तिथं बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. ओल्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. तो खोडात शिरला की बाहेरून कळेपर्यंत झाड गेलेलं असतं.

पैनगंगा | २३ जानेवारी

किनवटहून. धागा वाचून आजोबांची आठवण झाली. ते सांगायचे, १९४७ साली निजामाच्या विरोधात लोकांनी शिंदीची झाडं तोडली. सरकारला शिंदीच्या दारूच्या ठेक्यातून मोठं उत्पन्न मिळायचं, म्हणून रात्रीतून कुऱ्हाडी चालवल्या. लढ्यासाठी ते करावंच लागलं, पण ओढ्याचं बन उघडं पडलेलं बघून आजीला रडू आलं होतं, कारण तिची चटई आणि केरसुणी त्याच पानांची. आज आमच्या ओढ्याला जी आहेत ती त्या बुंध्यांची नाहीत, पाखरांनी आणि कोल्ह्यांनी टाकलेल्या बियांची. शिंदीच्या बापाचं झाड तुम्ही मुद्दाम वाढवलंत, हे वाचून फार बरं वाटलं.

बालाघाट | २७ जानेवारी

सगळ्यांचे आभार. कयाधू, तुमचा प्रतिसाद वाचून दुसऱ्याच दिवशी हातमोजे आणले.

करकर आवाज खरंच येतो! तिसऱ्या पोयीला रविवारी दुपारी आला, अगदी सुकलेलं पान मुठीत दाबावं तसा. सोमवारी सकाळी कापली. एका पोयीतून साधारण दोन चमचे स्वच्छ पराग हाती आला. पाच कुप्या भरल्या, चिठ्ठ्या आत-बाहेर. आता तपासणी कशी करू? आमच्या पोरीच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक आहे.

पुंकेसर | २७ जानेवारी

मग काम झालंच. १०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात १५ ग्रॅम साखर आणि अगदी थोडं बोरिक अॅसिड, म्हणजे १० मिलिग्रॅम. ते कॉलेजच्या वजनकाट्यावरच मोजा, अंदाजानं नको, जास्त झालं तर पराग उगवत नाही. खळगा असलेल्या काचपट्टीवर या द्रावणाचा थेंब, त्यात सुईच्या टोकावर मावेल एवढा पराग. काचपट्टी ओल्या टीपकागदाच्या डबीत झाकून २४ तास उबदार जागी. कोरडा कण होडीसारखा लांबट दिसतो, मधून एक फट. ओला झाला की फुगून गोल होतो. जिवंत असेल तर त्या फटीतून नळी बाहेर येते. नळी कणाच्या व्यासापेक्षा लांब असेल तरच 'उगवला' म्हणायचं. निरनिराळ्या जागांचे मिळून दोनशे कण मोजा.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण संकराच्या परागाबद्दल हाच गैरसमज सगळ्यात जास्त असतो. तुमचा नर निम्मा खजूर, निम्मा शिंदी आहे. पण त्याच्या परागाचा प्रत्येक कण निम्मा-निम्मा नसतो. कण तयार होताना आई-बापाचे गुण पिसले जातात, जसे पत्ते पिसतात. एका कणात खजुराचं जास्त, दुसऱ्यात शिंदीचं जास्त. म्हणून एकाच घोसातल्या दहा बिया दहा वेगळी झाडं होतील. एखाद्याचा गर जाड, एखाद्याची बीच मोठी. दोन रोपं लावून 'जमलं नाही' म्हणणाऱ्यांनी पत्ते दोनदाच वाटलेले असतात. शिवाय निम्मी रोपं नर निघणार, आणि फुलोरा येईपर्यंत ते कळणार नाही. जागा असेल तर चाळीस-पन्नास रोपांची तयारी ठेवा.

आणखी एक. हा नर त्याच मादीच्या पोटचा आहे. मुलाचा पराग आईवर टाकलात तर काही रोपं कमकुवत निघण्याची शक्यता असते. प्रयोग म्हणून जरूर करा, पण दुसरी, नात्याबाहेरची मादी मिळाली तर उत्तम.

दुधना | २८ जानेवारी

मादी माझ्याकडं आहे. बरही या खजुराच्या जातीची टिश्यूकल्चरची ४० झाडं आहेत जालन्याजवळ. फळ पिवळं असतानाच गोड लागतं, तुरट नसतं, म्हणून पाऊस यायच्या आत विकून मोकळं होता येतं. पण तेसुद्धा दरवर्षी जीव मुठीत धरून. पोया फेब्रुवारीच्या मध्याला फुटतील. दोन घोस तुमच्या प्रयोगाला देतो, बाकीच्यांवर माझा नेहमीचा पराग. कुपी पाठवा, बालाघाट.

मॅडम, एक विचारायचं होतं. पराग बदलला तर त्याच वर्षीचं फळही बदलतं म्हणतात, ते खरं का? का फरक फक्त बीमध्ये?

पुंकेसर | २८ जानेवारी

खरं आहे, आणि खजुरात ते विशेष आढळतं. गर हा आईचा भाग, तरी पराग देणाऱ्या बापानुसार फळाचा आकार आणि पिकण्याची वेळ थोडी पुढं-मागं होते. अमेरिकेत स्विंगल यांनी १९२८ मध्ये या प्रकाराला 'मेटाझेनिया' हे नाव दिलं. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात निक्सन यांनी एकाच झाडाच्या वेगवेगळ्या घोसांवर वेगवेगळ्या नरांचा पराग टाकून हा फरक दाखवला. म्हणून दुधना, तुमच्या दोन घोसांची तोडणीची तारीख वेगळी लिहून ठेवा.

काळी_माती | २९ जानेवारी

नांदेडहून. माझ्या अंगणात नारळ आहे. खजुराचा पराग नारळावर चालेल का?

पुंकेसर | २९ जानेवारी

नाही, ही फार लांबची नाती आहेत. नारळाचा संकर नारळाशीच होतो, उंच जातीचा ठेंगण्या जातीशी. जगातला पहिला असा संकर १९३२ साली केरळात निलेश्वरला झाला. तिथं पद्धतही वेगळी, कारण नारळात नर आणि मादी फुलं एकाच पोयीत असतात. आधी वरची सगळी नर फुलं काढून टाकावी लागतात. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी लिहीन.

बालाघाट | १६ फेब्रुवारी

मोजणी झाली. पहिल्या आठवड्यात २०० पैकी १२४ कण उगवले. काल फ्रीजमधल्या दुसऱ्या कुपीतले मोजले, २०० पैकी ९७. कमी होतोय, पण जिवंत आहे. पोरीनं सूक्ष्मदर्शकाखाली ती नळी दाखवली. काचेसारखी पारदर्शक, केसाहून बारीक, आणि आत काहीतरी हळूहळू सरकत होतं. मी बराच वेळ डोळा काढला नाही.

दोन कुप्या थर्मासमध्ये बर्फाच्या पिशवीसोबत एसटीनं जालन्याला गेल्या. दुधना स्वतः स्टँडवर घ्यायला आले होते.

आमच्या मादीला चार पोया आल्यात. चारही फुटायच्या आधी तिघींना जाड खाकी कागदाच्या पिशव्या बांधल्या, देठाशी कापसाची वळी देऊन, म्हणजे शिंदीचा पराग आत शिरणार नाही. चौथी उघडी ठेवली.

पुंकेसर | १६ फेब्रुवारी

फार छान बांधणी. तीनपैकी एका पिशवीत काहीही टाकू नका. ती तशीच बंद राहू द्या. तिच्यात बी धरलं तर समजायचं की पिशव्या गळतात आणि बाकीच्या दोघींवरही विश्वास ठेवता येणार नाही.

मादीची पोय फुटल्यापासून पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात चांगले. पराग एक भाग, टाल्कम पावडर चार भाग, कापसाच्या बोळ्यानं किंवा रबरी फुग्यानं पिशवीच्या बारीक छिद्रातून मारा, छिद्र लगेच चिकटवा. आणि सकाळी आठला नको. या दिवसांत आपल्याकडं पहाटेचा गारठा असतो, थंडीत परागनळी वाढत नाही. अकरा ते दोन ही वेळ धरा.

मांजराकाठ | १७ फेब्रुवारी

ही बंद पिशवीची गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती मॅडम. दोन वर्षं मी पिशवी बांधून पराग मारायलो आणि बी धरलं की आनंद करायलो. ते बी माझ्या परागाचं होतं का वाऱ्याच्या, आता कसं कळावं?

पुंकेसर | १७ फेब्रुवारी

रोपं असतील तर पाच-सहा वर्षांनी पानांवरून आणि फळावरून अंदाज येईल. टाकून देऊ नका. फक्त त्यांच्या पाटीवर 'बाप नक्की नाही' असं लिहा.

बालाघाट | २० मार्च

पिशव्या काढल्या, हे सांगायला आलोय.

पहिली, २२ फेब्रुवारीला दुपारी बाराला पराग टाकलेली: मणी भरलेत, प्रत्येक फुलाचा एकच दाणा वाढतोय. दुसरीची पोय रात्री फुटली होती, आणि दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं होतं म्हणून सकाळी साडेसातलाच पराग टाकून गेलो. तिच्यात निम्म्याहून जास्त फुलं तशीच. तिसरी, ज्यात काहीच टाकलं नाही: प्रत्येक फुलातून तीन-तीन बारीक दाणे एकाच जागी, तिळ्यांसारखे चिकटून. हे काय आहे?

पुंकेसर | २० मार्च

हेच बघायचं होतं! खजुराच्या मादी फुलात तीन कप्पे असतात. पराग पोचला की एकच कप्पा वाढतो, बाकीचे दोन सुकून गळतात. पराग नाही पोचला तर तिन्ही थोडे-थोडे वाढतात, बिनबियांचे आणि बेचव. म्हणजे तुमच्या पिशव्या गळल्या नाहीत, आणि पहिल्या पिशवीतलं बी त्या संकर नराचंच. दुसऱ्या पिशवीतलेही एकेकटे दाणे तेवढे दोऱ्यानं खूण करून ठेवा.

दुधना | २८ जून

बरहीचा हिशोब देतो. तुमच्या परागाचे दोन घोस आणि माझ्या नेहमीच्या परागाचे, दोन्ही एकाच आठवड्यात पिवळे झाले. वेळेत मला तरी फरक दिसला नाही. फळ मात्र थोडं बारीक आलं. एका झाडावरून काही ठरवत नाही, पुढच्या साली चार झाडांवर करू. तुमच्या परागाचा एक घोस विकला नाही. पावसाची पिशवी घालून झाडावरच पूर्ण मऊ होऊ दिला, बी पक्कं व्हावं म्हणून. ८६ बिया निघाल्या.

बालाघाट | ४ जुलै

आमच्याकडं पहिल्या पिशवीच्या घोसाला पावसानं गाठलंच, पण त्या आधी मी वर ताडपत्री बांधली होती. ५३ बिया. दुसरीतून १९. सगळ्या धुऊन, गर खरवडून, सावलीत वाळवल्या. या दोन आणि दुधनांकडच्या, असे तिन्ही गट वेगळ्या पाकिटांत, पाकिटावर आई, बाप आणि तारीख.

दुधनांच्या ८६ पैकी ४० त्यांनी ठेवल्या, ४६ मला पाठवल्या. माझ्या शेतात साठाच्या वर जागा नाही. खजुराचं बी उगवताना कोंब बीपासून लांब, खाली जाऊन वर येतो, म्हणून पिशवी उंच लागते, वीतभर तरी. ज्यांना रोपं वाढवायची आहेत त्यांनी इथं सांगावं. अट एकच, पाटी हरवू द्यायची नाही आणि पहिला फुलोरा आला की नर का मादी ते या धाग्यावर लिहायचं.

पैनगंगा | ४ जुलै

दहा मला. आजोबांच्या ओढ्याकाठीच लावतो.

मांजराकाठ | ४ जुलै

माझ्यासाठी पंधरा ठेवा भाऊ. या वेळी पाट्या पत्र्याच्या करतो, खिळ्यानं ठोकून नाव लिहितो.

कयाधू | ५ जुलै

पाच. हातमोजे आहेतच.

पुंकेसर | ५ जुलै

मलाही पाच द्या, पण तुमच्या आईंच्या झाडाच्या. टपालानं पाठवू नका, मीच येऊन घेईन. त्या निमित्तानं आईंना भेटता येईल आणि ते झाडही बघता येईल.

बालाघाट | ५ जुलै

मॅडम, आईला वाचून दाखवलं. म्हणाली, श्रावणात या, आणि जेवूनच जा.